जेसीबीमागचे बगळे

पूर्णा गावातली आमची खाजणजमीन गोदामाला गेली आणि माझ्या धाकट्या दिरांना, देवेश भाऊजींना, निसर्ग दिसू लागला. आधी कॅमेरा आला, मग ढीगभर खिशांचं जॅकेट, आणि शेवटी त्यांनी आपल्या फोटोंचे फ्रिजवर लावायचे मॅग्नेट काढले. ‘आपली भिवंडी, आपला निसर्ग’, बाराचा संच. पहिला संच अर्थात आमच्याच फ्रिजवर.

त्यात दिघाशीच्या रानातला म्हणून एक बिबट्या आहे. त्याच्या नाकावरून सरळ उभा पट्टा जातो. हा पिंजऱ्याचा गज दिसतोय, असं मी म्हटलं, तर भाऊजी म्हणाले, गवत आहे. सगळ्यात जास्त खपतो तो ‘खाडीकाठची सकाळ’. ओल्या मातीत तीसेक पांढरेशुभ्र बगळे. त्या सकाळी माझ्या लेकाला, भाविकला, कडेवर घेऊन मी तिथेच उभी होते. जेसीबी आमचंच खाजण उकरत होता आणि वर आलेले किडे टिपायला बगळे त्याच्या मागे मागे फिरत होते. भाऊजींनी जेसीबी कापला, बगळे ठेवले.

मला बगळ्यांशी भांडायचं नव्हतं. माझा जीव मॅग्नेटच्या पाठीपाशी अडकलेला. तिथे वाटाण्याएवढी दोन चुंबकं नुसत्या गोंदाने डकवलेली, आणि भाविक सव्वा वर्षाचा, हाती लागेल ते तोंडात घालणारा. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर मधलं आतडं चिमटीत धरून एकमेकांना चिकटतात, हे मी वाचलं होतं. भाऊजींना वाचूनही दाखवलं. त्यांनी विचारलं, वहिनी, तुमच्या कॉलेजात भीतीचाच पेपर होता का? मी संच फ्रिजच्या वरच्या दारावर लावायचे, ते पाहुण्यांना नीट दिसावा म्हणून पुन्हा खाली आणायचे.

एका रविवारी दुपारी बगळे फरशीवर पालथे पडलेले दिसले. पाठ कोरी. दोन्ही चुंबकं गायब. शेजारी भाविक बसून खुशीत हसत होता. मी त्याच्या तोंडात बोट फिरवलं, तर भिजलेलं बिस्किट निघालं. फ्रिजखाली, चटईखाली, कुठेच काही नाही.

भाऊजींनी लगेच गाडी काढली, हे खरं. पण धामणकर नाक्यावर अडकल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. गोदामवाल्या कंपनीने उद्घाटनाला वाटायला पाचशे संच सांगितले होते, तेव्हा हे घरातच राहिलं तर बरं. मी भाविकचं पोट चाचपत होते. भाविक रडला की मला धस्स होत होतं, आणि गप्प झाला की त्याहून जास्त.

दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेत, पोटाच्या खालच्या बाजूला, दोन ठिपके दिसले. एकमेकांना चिकटलेले.

एक्स-रे काढणारी मुलगी पडद्याकडे वाकून बघत होती. तिला ठिपक्यांना लागून एक गोल दिसत होता.

“याच्या कमरेला काय बांधलंय?” तिने विचारलं.

घाईत मी झबलं तेवढं काढलं होतं. लंगोट सोडला. माझ्या सासूबाईंनी, धोंडूबाईंनी, नजर लागू नये म्हणून त्याच्या करगोट्यात लोखंडाची कडी ओवली होती. मी ती दोनदा काढून टाकली होती, त्यांनी तिसऱ्यांदा ओवली होती. भाविकने तोंडाऐवजी लंगोटात कोंबलेली दोन्ही चुंबकं त्या कडीला घट्ट चिकटून बसली होती. कडी काढून पुन्हा एक्स-रे घेतला. पोट स्वच्छ.

घरी आल्यावर सासूबाईंनी कडी उलटसुलट करून पाहिली, मग मला पाहिलं.

“तुझे कालेजान लोखंडाचा काय शिकवला न्हाय का गो?”

मी कडी परत ओवली. ही सगळी गोष्ट त्यांनी आळीभर सांगितली, आणि ऑर्डर पक्की करायला आलेल्या कंपनीच्या साहेबांनाही, चहाबरोबर. साहेबांनी कप खाली ठेवला आणि असली चुंबकं चालणार नाहीत म्हणून सांगितलं.

भाऊजींनी पंधरा दिवसांत नवा संच काढला. पाठीला सपाट पट्टी, वर ‘बाळांसाठी सुरक्षित’ असा शिक्का. पहिला फोटो त्याच सकाळचा: मागे बगळे, पुढे भाविक. त्याला कडेवर घेतलेली मी जेसीबीबरोबरच कापली गेले होते. त्याच्या कमरेपाशी माझी चार बोटं तेवढी राहिली होती. मी ती भाऊजींना दाखवली.

“गवत वाटतं, वहिनी,” ते म्हणाले.