एकाच वेळी दोन सामने

सोमवारी अण्णा मध्यंतराला जेवले. फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की त्या घरात जेवणाची वेळ आई ठरवत नसे, पंच ठरवत. त्यातून यंदाची स्पर्धा जपान-कोरियात, म्हणजे सामने नाशिकच्या ऐन दुपारी. कोरियाने मध्यंतराच्या थोडं आधी पेनल्टी घालवली, तेव्हा अण्णा खुर्चीतून अर्धे उठले, त्या खेळाडूला कोल्हापुरी शिवी घातली आणि आईकडे बघून, "वाढ," म्हणाले. आईने वरण-भात वाढला. आभाने लिंबू चिरलं. संध्याकाळी पोर्तुगालने भर पावसात पोलंडला चार गोल मारले. मग अण्णा चपला घालून कोपऱ्यापर्यंत फिरून आले आणि येताना केळी आणली.

त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

अण्णा म्हणजे चिंतामण गर्गे. घराणं गोदाकाठी यात्रेकरूंची कार्यं करणाऱ्यांचं. चुलत भाऊ रंगनाथ अजूनही घाटावर बसत. अण्णा मात्र पाटबंधारे खात्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. मध्ये काही वर्षं कोल्हापूरला बदली झाली आणि तिथे फुटबॉलने त्यांना जे धरलं ते कायमचं. स्टेडियमवर जाताना सायकलच्या नळीवर तनय असे आणि कॅरिअरवर आभा. घरी परतल्यावर तनय मोठमोठ्याने मतं देई. आभाला खेळ कळे.

अण्णांना आवड होती ती गटातल्या सामन्यांची. उपांत्य आणि अंतिम सामने ते शेजाऱ्यांसारखेच बघत, चहा पीत. पण गटात चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने, कोण किती गोलांनी हरला तर कोण पुढे जाईल, हे गणित त्यांच्या जिवाचं होतं. "बाद फेरीत पाय घसरला की घरी," ते म्हणत. "गटात डोकं चालवायला वाव असतो." हे गणित आभा त्यांच्याआधी सोडवी. ती छत्तीस वर्षांची, कॉलेजात इतिहास शिकवणारी, लग्न न केलेली, आई-वडिलांजवळ राहणारी. अण्णा विचारत, ती सांगे, आणि अर्ध्या तासाने अण्णा तेच उत्तर फोनवरून पुण्याला तनयला स्वतःचं म्हणून सांगत. तिला त्याचं काही वाटत नसे, निदान तसं तिचं म्हणणं होतं. त्या घरात रागावण्याचं काम अण्णा आणि तनय या दोघांकडेच होतं. आभा शांत म्हणून नावाजलेली.

आता गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करतात. दुसऱ्या मैदानावरचा निकाल आधी कळून कोणी लबाडी करू नये, म्हणून. घरातला टीव्ही मात्र एकच सामना दाखवणार. यावर बाप-लेकांनी मागच्या विश्वचषकातच तोड काढली होती. तनयच्या केबलवाल्याकडे कुठलंसं परदेशी चॅनेल होतं, त्यावर दुसरा सामना दिसे. मग अण्णा नाशिकहून हा सामना सांगत, तनय पुण्याहून तो. फोनची वायर लांब करून घेतलेली होती. आई म्हणे, एवढं बोलणं आमच्या लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत झालं नाही.

मंगळवारी अ गट सुटायचा होता. नाशिकला दिसत होतं डेन्मार्क आणि फ्रान्स, पुण्याला सेनेगल आणि उरुग्वे. जगज्जेत्या फ्रान्सला दोन गोलांनी जिंकणं भाग होतं. अण्णांचा जीव अडकला होता सेनेगलमध्ये. पहिल्यांदाच आलेला संघ, आणि पहिल्याच सामन्यात फ्रान्सला हरवलेला. मध्यंतराला तनयने कळवलं की सेनेगल तीन-शून्यने पुढे आहे. अण्णांनी मांडीवर थाप मारली, पण जेवायला नको म्हणाले. सामना संपला की बसू.

आभा शेजारच्या खुर्चीत होती. अण्णांच्या कपाळावर घाम दिसला, तेव्हा तिने पंखा वाढवला. ते डावा दंड चोळत होते. काय झालं, असं तिने विचारलं. फोन धरून धरून हात अवघडलाय, असं ते म्हणाले.

मग आभाने रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या कानाला लावून धरला. तुम्ही हात मांडीवर ठेवा, म्हणाली. उत्तरार्ध तसाच गेला. तनयचा आवाज रिसीव्हरमधून बारीक गुणगुणत तिलाही ऐकू येत होता. उरुग्वेचा एक गोल, मग दुसरा. इकडे फ्रान्सचे फटके खांबाला लागत होते. शेवटाला उरुग्वेने तिसराही फेडला आणि बरोबरी झाली, पण तेवढ्यावर सेनेगल पुढे जात होतं. फ्रान्स एकही गोल न करता घरी चाललं होतं. "गेलं," अण्णा म्हणाले. "आभा, सेनेगल गेलं गं पुढे." हात धुवायला म्हणून उठले आणि मोरीच्या दाराशी खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत.

दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला केव्हा सुरुवात झाली. आभाने ठामपणे सांगितलं की काही दुखत नव्हतं, सामना बघत बसले होते, मी शेजारीच होते. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली.

संध्याकाळी तनय पुण्याहून आला. रात्रीच रंगनाथकाकांनी सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. टीव्हीवर चादर टाकली होती आणि हॉलमध्ये सतरंजी. तनय अण्णांच्या जागी बसे. मुंडण केलेलं त्याचं डोकं लहान मुलासारखं दिसे, आणि पहिल्यांदा त्याला बघून आभाला भडभडून आलं होतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला तो तीच हकीकत सांगे. शेवटपर्यंत फोनवर होतो आम्ही काका. तिकडे काय झालं रे, हेच त्यांचे शेवटचे शब्द. ऐकणारे हळहळत, मग म्हणत, भाग्यवान माणूस, आवडीचं बघत बघत गेला, आनंदात गेला. हकीकत दिवसेंदिवस सुधारत होती. आधी अण्णा नुसते हसले होते, मग खळखळून हसले, मग त्यांनी तनयला आशीर्वाद दिला. रिसीव्हर कानाला कोणी धरला होता, हे त्यात आलं नव्हतं. तनयला ते ठाऊक नव्हतं आणि आभाने सांगितलं नाही.

सुतकात टीव्ही लावायचा नाही, हे तनयनेच आईला बजावलं होतं. त्याच दुपारी तो फोन करून येतो म्हणून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेला आणि बऱ्याच वेळाने आला. स्वयंपाकघराच्या दारातून जाता जाता हळूच म्हणाला, "अर्जेंटिना पण आऊट." आभा चहा गाळत होती. तिला तो निकाल हवा होता, सकाळपासून हवा होता. आणि असा आणून दिलेला नको होता. तिने गाळणं आपटून चोथा टाकला. एरवी ती आपटत नसे.

मग एके दिवशी सायखेड्याहून आत्या आली. भावाच्या आठवणीने घळाघळा रडली, आणि तनय तिला हकीकत सांगायला लागला. आत्या जवळची, म्हणून त्याने ती अगदी सकाळपासून सांगितली.

"सकाळीच फोन केला होता मी. म्हणाले, डावा हात जरा भरून आलाय रे, छातीत पण कसंतरी होतंय. पण आभाला बोलू नकोस. ती लगेच रिक्षा आणेल आणि मॅच जाईल."

आत्या पदराने डोळे पुसता पुसता हसली. लहानपणापासून हट्टी, म्हणाली. आईसुद्धा किंचित हसली. आभा आत ओट्यापाशी उभी होती. दूध उतू जाताना तिला दिसत होतं. ते पूर्ण उतू गेल्यावर तिने गॅस बंद केला.

माणसं गेल्यावर तिने तनयला गॅलरीत बोलावलं. विचारलं, अण्णा तसं म्हणाले तेव्हा तू काय म्हणालास. तनयने जरा आठवल्यासारखं केलं. बाम लावा म्हणालो, तो म्हणाला. चांगल्या मूडमध्ये होते गं, मला काय कल्पना. मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज चढला. घरात आई आहे, माणसं येताहेत, आता हे उकरून काय मिळणार आहे. ते आनंदात गेले, तेवढं तरी राहू दे.

इतकी वर्षं न वापरलेलं अवजार ऐन वेळी गंजलेलं निघावं, तसा आभाचा राग तिच्या हातात नुसता राहिला. रात्रभर तो तनयवर होता. पहाटे तिच्या लक्षात आलं की तो तनयवर फार नाहीच. बत्तीस वर्षांचा तो माणूस बाम लावा म्हणाला, कारण तो दूर होता आणि बिनडोक होता. पण अण्णा दूर नव्हते. त्यांच्या खुर्चीचा हात तिच्या खुर्चीला लागला होता. तिने विचारलं होतं, आणि त्यांनी विचार करून खोटं सांगितलं होतं. ज्याला काही करता येणार नव्हतं त्याला खरं सांगितलं, आणि जी करू शकत होती तिला चुकवलं. गटातल्या एका सामन्यासाठी. गेलेल्या माणसाबद्दल असं मनात आणू नये, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणत होती.

दहाव्याला ती घाटावर गेली. बायकांनी कशाला, असं कोणीतरी म्हणालं. रंगनाथकाका म्हणाले, येऊ दे. सकाळची वेळ होती, घाट गजबजलेला. पिंड मांडून झाले आणि सगळे चार पावलं मागे सरले. कावळे कठड्यावर बसले होते, रोज जेवणारे, निवांत. थोडा वेळ एकही हलला नाही. काका म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. आईने हात जोडून, माझी काळजी करू नका, असं सांगितलं. आत्याने काही पुटपुटलं. मग तनय पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "अण्णा, सेनेगल शेवटच्या आठात पोचलं."

आणि कावळा आला. एक नाही, दोन आले.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळेच हसले. काकांनी तनयच्या पाठीवर हात ठेवला. "बघ, एवढंच राहिलं होतं. तृप्त गेला." तनय रडत होता, खरंच रडत होता. आभाला तेवढ्यातही दिसलं की हकीकतीला आता शेवट मिळाला. हाच शेवट तो जन्मभर सांगेल, त्याच्या मुलांना सांगेल, आणि तिच्यासमोर सांगेल.

मंडळी सामान आवरून पायऱ्यांकडे निघाली. शेजारी कळवणकडचं एक कुटुंब केव्हाचं ताटकळत होतं. त्यांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. मुलगा, सून, जावई सगळे शपथा घेऊन थकले होते. शेवटी त्यांच्यातली म्हातारी, मेलेल्याची बायको, काठी टेकत पुढे आली आणि पिंडासमोर बसली. हात जोडले नाहीत.

"लय झालं आता," ती म्हणाली. "जित्तेपणी बी असंच तोंड फिरवून बसायचा. पोरं उपाशी हायेत सकाळपासून. तुला नाय खायचं तर नको खाऊ. पर मी काय तुझ्या पाया पडणार नाय."

मुलगा ओशाळून इकडेतिकडे बघत होता. म्हातारी थांबली नाही. नवऱ्याने तिला काय काय केलं ते ती एकेक सांगत राहिली, चारचौघांत, शांतपणे, जणू तो समोर बसून ऐकत होता आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. कोणी तिला गप्प केलं नाही. त्यांच्या गुरुजींनीही नाही.

आभा पायरीवर थांबली होती. आईने हाक मारली. ती परत फिरली. त्यांच्या जागी कावळ्यांनी भात विस्कटून टाकला होता आणि दोन अजून टोचत होते. ती तिथे उभी राहिली, तशी ते उडून कठड्यावर बसले. तनय तिला न्यायला मागे आला होता. ताई चल, असं म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. पायऱ्यांवरची माणसं वळली. "तुम्ही तृप्त गेला असाल. मी नाही. मी विचारलं होतं तुम्हाला. मी शेजारी बसून विचारलं, आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

रंगनाथकाका तोंडावर बोट ठेवून खुणावत होते. आई खालच्या पायरीवर बसली.

"मला सामना कळत नव्हता असं नाही. मलाही तो बघायचा होता. पण मी टीव्ही बंद केला असता, आणि तुम्ही मला शिव्या देत देत आज घरी असता. तेवढी किंमत मी आनंदाने दिली असती. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. सगळे म्हणतात आनंदात गेले, आणि मी दहा दिवस मान हलवतेय."

तिने श्वास घेतला. ती रडत नव्हती.

"मी रागावलेय तुमच्यावर, अण्णा. जन्मात पहिल्यांदा. आणि मी हा राग गिळणार नाहीये."