पुट अप म्हणजे मुक्काम

सरांनी फळ्यावर ‘पुट अप विथ’ लिहिलं आणि खडू खाली ठेवायच्या आत मुकादमबाईंचा हात वर गेला.

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात त्या वयाने सगळ्यांत मोठ्या होत्या आणि हात वर करण्यात सगळ्यांच्या पुढे. दिवसभर लॉन्ड्रीत सात बायकांवर आवाज चढवून घसा बसलेला असायचा, तो इथे आल्यावर आपोआप मोकळा व्हायचा.

“रोजच्या बोलण्यातलं वाक्य हवं हं,” सर म्हणाले. ते बाईंच्या भाच्याच्या वयाचे होते.

“रोजचंच आहे.” बाई उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला. “आय पुट अप विथ माय फ्रेंड फॉर इलेव्हन इयर्स.”

सर कळवळले. “अकरा वर्षं? इतकी वाईट आहे का हो मैत्रीण?”

वर्ग हसला. बाईही हसल्या, कारण सगळे हसत होते. मग सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला. खपवून घेणे. नाइलाजाने सहन करणे.

“आय पुट अप विथ माय मेव्हणा,” मागच्या बाकावरचा वॉचमन म्हणाला. “एव्हरी संडे.”

“आणि मेव्हणा तुला?” त्याच्या शेजारचा ड्रायव्हर म्हणाला. “त्याचंही वाक्य होईल की!”

मग वाक्यांना ऊतच आला. कुणी शेजाऱ्याचा कुत्रा खपवून घेत होतं, कुणी गळका नळ, कुणी सासऱ्यांचं घोरणं. बाई खाली बसल्या. त्यांनी वहीत काही लिहून घेतलं नाही.

त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक होतं, पहिली आठ पानं गेलेलं. त्यात ‘पुट अप’ म्हणजे मुक्काम करणे, राहणे असं छापलं होतं. ‘विथ’ म्हणजे सोबत, हे काय कुणी सांगायला हवं? दोन्ही जोडून बाईंनी आपला आपण अर्थ लावला होता : सोबत राहणे. साध्या ‘वर्क विथ’पेक्षा भारदस्त. तीन महिन्यांपूर्वी लॉन्ड्रीत घड्या घालणाऱ्या आपल्या मैत्रिणीला, घडीवालीला, शिफारसपत्र लिहून देताना हा शब्दप्रयोग त्यांनी पहिल्याच ओळीत घातला होता.

म्हणजे त्यांनी लिहिलं होतं, या बाईला मी अकरा वर्षं खपवून घेतलं आहे. खाली सही, तारीख आणि लॉन्ड्रीचा शिक्का.

घडीवालीच्या लेकीला जुळं झालं होतं. लेकीच्या घरापासून चालत जाता येईल अशा एखाद्या हॉटेलात चादरी-टॉवेलांचं काम मिळालं, तर तिला सकाळ-संध्याकाळ हातभार लावता येणार होता. त्या बाजूच्या तीन हॉटेलांत तिने पत्र दाखवलं आणि तिन्ही ठिकाणांहून ती तशीच परत आली.

“साहेब पत्र वाचून हसले,” ती पहिल्या वेळी म्हणाली होती.

“त्या मेल्याला इंग्रजी येतंय कुठे,” बाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई लॉन्ड्री उघडायच्या वेळेलाच पोचल्या. घडीवाली आलेलीच होती. बाकीच्या अजून चपला काढत होत्या. बाईंनी गठ्ठ्यातल्या वरच्या चादरीची दोन टोकं उचलली. दुसरी दोन तिने धरली. मुकादमीण झाल्यापासून बाईंनी घडीला हात लावला नव्हता, पण घडीवालीने काही विचारलं नाही.

“अगं, ते तुझं पत्र,” बाई म्हणाल्या. “चुकलं माझं. त्या शब्दाचा अर्थ भलताच निघाला.”

“ठाऊक आहे.” चादर ताणून ती पुढे आली, आपली टोकं बाईंच्या हातात दिली आणि खाली लोंबणारी घडी उचलून पुन्हा मागे गेली. “लेकीने वाचून दाखवलं. दुसऱ्या हॉटेलनंतर.”

“आणि तरी तिसऱ्या ठिकाणी घेऊन गेलीस?”

“दुसरं कोण देणार होतं लिहून? शिक्का होता. तुमची सही होती.”

“अगं, मला येऊन विचारायचंस! भांडायचंस! तोंडाला काय कुलूप घातलं होतंस?”

“काय विचारू, ताई? मला वाटलं, मनातलं लिहिलंत. तोंडावर बोलवेना, म्हणून इंग्रजीत बोललात.” ती हसली. “लेकही म्हणाली, आई, तुझी टकळी अकरा वर्षं ऐकली बिचारीने. म्हटलं, खरं आहे. तेव्हापासून डबा खाताना मी जरा कमीच बोलते. तुमच्या लक्षात आलं नसेल.”

बाईंच्या लक्षात आलं होतं. गेले दोन महिने जेवताना पंख्याचा आवाज ऐकू येत होता, स्वतःचं चावणंसुद्धा. घडीवालीची कुठलीही गोष्ट आजवर एका जेवणात संपली नव्हती. भाजी महाग झाल्यावरून निघायची ती कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नापर्यंत जायची. ती अचानक का थांबली, असं बाईंना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. उलट घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, “हल्ली माझं डोकं दुखत नाही. गोळीसुद्धा लागत नाही.”

चादरीचं एक टोक त्यांच्या हातून सुटलं.

“माझ्या मनात तसं काही नव्हतं गं,” त्या म्हणाल्या.

“असू दे.” घडीवालीने वाकून टोक उचललं आणि झटकलं.

दहा वाजता गर्दी ओसरल्यावर बाई काउंटरवर जाऊन नवीन पत्र लिहायला बसल्या. या वेळी फक्त खात्रीचे शब्द. घड्या नीट घालते. कधी उशिरा येत नाही. प्रामाणिक आहे. चौथी ओळ त्यांना सुचली होती, की ही गेल्यावर मला करमणार नाही. तिचं इंग्रजी त्यांना नक्की येत होतं, आठवड्यापूर्वीच शिकवलेलं. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं, तिथे शाईचा ठिपका झाला. ती ओळ न लिहिताच त्यांनी सही केली, शिक्का मारला.

घडीवालीने पत्रात काय आहे ते न विचारता ते पिशवीत घातलं.

दुपारी दोघी मागच्या खोलीत डबे उघडून बसल्या.

“काय म्हणतात गं जुळी?” बाईंनी विचारलं.

“बरी आहेत.” तिने एक घास खाल्ला. मग तिला राहवलं नसावं. “थोरल्याला काल दात आला. तर शेजारीण म्हणते कशी, धाकट्याला आधी यायला हवा होता.”

“अगंबाई! का?”

“तिचं आपलं काहीतरी.”

बाईंनी हातातला घास डब्यात ठेवला. खुर्ची जरा पुढे ओढली. “मग? पुढे काय झालं?”

घडीवालीने त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“काही नाही, ताई,” ती म्हणाली. “एवढंच.”

सुट्टीची अजून वीस मिनिटं होती.