मला उकरू नका

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा पत्रा आहे. माझी गोष्ट ऐका, पण माझ्यावर विश्वास जरा बेतानेच ठेवा. दिसायला मी गरीब, करडा, नागमोडी. पोटात काय आहे ते मात्र वीस वर्षे कुणाला कळले नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात सिमेंटच्या लगद्यात एका दगडाचे कापसासारखे मऊ धागे कालवून मला घडवले. त्या धाग्यांना अॅस्बेस्टॉस म्हणतात. साहेब सगळ्यांना सांगत, माल अगदी निर्धोक आहे. पण स्वतः आत येताना नाकाला रुमाल लावूनच येत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

१९६४ साली मी रेल्वेने कोल्हापुरात आलो आणि एका तालमीच्या छपरावर चढलो. आधीची कौले गळत होती, म्हणून माझे कौतुक फार झाले. "आमच्या नातवंडांस्नी बी ह्यो पत्रा पुरंल की," असे तालमीचे आकाराम वस्ताद येईल त्याला सांगत. माझ्याखाली कुस्तीचा, तांबड्या मातीचा हौदा होता. त्या मातीत तेल, हळद, लिंबू, ताक घालून वस्ताद तिला लेकरासारखे जपत. पोरे ती अंगाला चोळत, तिच्यात लोळत, हसत. त्या पोरांवर माझा फार जीव होता.

पुढे मला तडे गेले. ज्यांनी कौतुक केले तेच नाके मुरडू लागले. १९८४ च्या उन्हाळ्यात लोखंडी पत्रे घालायचे ठरले आणि आम्हाला उतरवायला बाळासो ठेकेदार आला. जुने पत्रे काढायचा काही नियम आहे का, हे वस्तादांनी एका कचेरीत विचारून पाहिले. कारकून म्हणाला, चढवायला परवानगी लागते, उतरवायला नाही. हे मला मुळीच पटले नाही.

बाळासोने नाकातोंडावर टॉवेल आवळला आणि हौद्याच्या काठावरच आम्हाला करवतीने कापायला घेतले. तुकडे त्याला कोंबड्यांच्या खुराड्यांसाठी विकायचे होते. माझा एक कोपरा गेला. खाली पिठासारखी पूड साचली. वस्तादांनी ती चिमटीत घेऊन पाहिली. राखेसारखी मऊ लागली, तेव्हा मातीत घातली तर घाम टिपेल असे त्यांना वाटले. घमेलेभर पूड त्यांनी आपल्या हाताने हौद्यात ओतली. संध्याकाळी पोरे खेळायला येणार होती आणि मला काही बोलता येत नव्हते.

तेवढ्यात दारात तानाबाई आली. दर शनिवारी मातीसाठी ताकाची घागर आणायचा तिचा नेम होता. तिचा मुलगा अंबादास याच हौद्यात वाढला. मग तो मुंबईला माझ्यासारखे पत्रे करायच्या कामावर गेला आणि सोळा वर्षांनी, त्या धाग्यांची धूळ छातीत घेऊन, धापा टाकतच परतला. हौद्यातली पूड पाहून ती थबकली.

"ह्यो धुरळा हितं कुणी टाकला? माझ्या पोराच्या कापडावर असलाच बसायचा."

"नुसतं सिमीट हाय, मावशी. काय हुत न्हाय," बाळासो म्हणाला.

"मग तू तोंड का बांधलंयस?"

वस्ताद बाळासोच्या टॉवेलकडे बघत राहिले. पण त्यांचा जीव मातीत अडकलेला. "तानाबाई, ही माझ्या वस्तादाच्या हातची माती हाय. टाकून द्याय ती काय शिळी भाकरी हाय व्हय?"

"माती नवी करता ईल. माझा अंबादास हितं हजार बैठका मारायचा. आता त्याला चप्पल घालाय वाकता येत न्हाय."

वस्तादांनी तिच्या हातची घागर घेतली आणि सगळे ताक त्या करड्या पुडीवर हलकेच ओतले, धूळ उडू नये म्हणून. बाळासोची करवत काढून घेतली. पोरांना दाराबाहेरूनच घरी लावले. कचेरीत नियम नव्हता, तो त्यांनी तिथेच केला: भिजवल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही, कापायचा नाही, फोडायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही.

तोंडे बांधून मोठ्या माणसांनी आम्हाला भिजवले आणि मेणकापडात गुंडाळले. हौद्याची सगळी माती ओली करून तीही तशीच बांधली. कळंब्याच्या बाजूला, तळ्यापासून लांब, एका पडक्या मुरमाच्या खाणीत दोन पुरुष खोल खड्डा घेतला. मातीचे शेवटचे पोते खाली सोडताना वस्ताद त्या मातीच्याच पाया पडले आणि लहान मुलासारखे रडले.

ती माती अजून माझ्या शेजारी आहे. तिची काही चूक नव्हती. मला तिच्यापुढे लाज वाटते.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. कुठे खणताना करडा, नागमोडी तुकडा लागला, तर तो उचलू नका, फोडू नका. लांब व्हा आणि जाणत्या माणसाला बोलवा. कुणी म्हणेल, काही होत नाही. त्याने स्वतःचे तोंड बांधले आहे का, ते आधी बघा. आणि माझी कीव करू नका. मला इथेच राहू द्या.