चार टोल्यांची घंटा

मित्रांनो, आधी हात मागे घ्या! मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि पितळेला भाव आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही गोष्ट ऐकायला आलात म्हणता, पण खिशात पाना नसेल कशावरून?

झेमून गावाच्या समोर, डॅन्यूब नदीच्या पलीकडच्या काठावर मी खांबाला टांगलेली आहे. मूळची मी एका मालवाहू बोटीवरची. बोट बुडाली, मी वाचले, आणि झेमूनच्या रातोमीर नावाड्याने मला इथे आणून लावलं. तेव्हा पूल नव्हता. बाजाराला जायचं तर त्याची होडी, नाहीतर बेलग्रेडवरून लांबलचक वळसा. पलीकडून त्याला बोलवायला मला वाजवायचं: एक टोला म्हणजे एकटा माणूस. दोन म्हणजे ओझं आहे. तीन म्हणजे कुणीतरी आजारी आहे, असशील तसा ये. आणि संध्याकाळी, काठावर कुणी उरलं नाही हे बघून चार टोले: संपलं, होडी बांध.

हे चार टोले इथे माझ्या शेजारीच राहणारी वुकोसावा द्यायची. मिरच्या विकून आली की एप्रनने मला पुसायची. "रातोमीरला बायकोची हाक ऐकू येत नाही, पण घंटा बरोब्बर येते," असं लोक म्हणायचे, आणि मला भारी वाटायचं.

मग पूल झाला. पहिल्याच दिवशी सगळे बसमध्ये जाऊन बसले, वुकोसावासुद्धा! नऊ वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. कोशावा वारा सुटला की दोरी हेलकावे खायची आणि मी आपली उगीच वाजायची. कुणी जवळून गेलं की वाटायचं, आला हा भंगारवाला.

आणि गेल्या शरदात एक बाई आलीच. रातोमीरची मुलगी, देसान्का. दोन बस बदलून आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिशवीतून लोकरीचा मोजा काढून माझ्या लोलकावर चढवायला लागली. मी मनात म्हटलं, झालं! आधी तोंड बांधायचं, मग उचलून न्यायचं.

वुकोसावालाही तेच वाटलं असावं. हातातली मिरच्यांची माळ तशीच घेऊन ती धावत आली. "काय गं ए! बापाची घंटा विकायला निघालीस? लाज आहे का?"

"मावशी, विकायची असती तर पाना आणला असता, मोजा कशाला आणू?" देसान्का मोजा चढवत म्हणाली. "बाबा ऐंशीचे झालेत. वाऱ्याने ही वाजली की म्हणतात, पलीकडे कुणीतरी उभंय. परवा तीन टोले ऐकले म्हणाले आणि त्या लाटांत होडी घातली. कोळ्यांनी ओढून आणलं म्हणून वाचले."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या जगावर संशय घेत बसले, आणि म्हाताऱ्याच्या जिवावर उठले होते मीच!

"अगं, पण पूल झालाय हे कळतं ना त्यांना?"

"सगळं कळतं. तरी रोज संध्याकाळी खिडकीत बसतात. म्हणतात, चार टोले कुठे झालेत अजून? होडी कशी बांधू?"

वुकोसावाच्या हातातली माळ गळून पडली. "अरे देवा! ते माझं काम होतं गं. मी तशीच बसमध्ये चढले."

तिने मोजा ओढून काढला. आधी काठावर नजर फिरवली, पूर्वीसारखीच, कुणी राहिलं नाही ना म्हणून. मग दोरी धरली आणि सावकाश चार टोले दिले.

पलीकडे दार उघडलं. एक वाकलेली आकृती उतरण उतरून आली, होडीपाशी थांबली, दोर खुंट्याला गुंडाळत राहिली. आमच्याकडे बघून तिने टोपी काढली आणि घरात गेली.

आता मोजा दिवसभर माझ्या तोंडात असतो. त्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो, पण मी तक्रार करत नाही. संध्याकाळी वुकोसावा तो काढते, चार टोले देते, पुन्हा चढवते.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंना पुसा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि कुणाला कामाला हाक मारलीत, तर काम संपल्याचंही सांगा. नऊ वर्षं तो माणूस कामावरच होता, आणि त्याला घरी जा म्हणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.