एका बोटाची जागा

मी एक जुनी पट्टी आहे. जखमेवर बांधतात ती नव्हे, मित्रांनो. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज चढवण्याआधी हाताला गुंडाळतात ती. लांबी साडेचार मीटर, रुंदी तीन बोटं. एका टोकाला अंगठा अडकवायची कडी, दुसऱ्या टोकाला वेलक्रो. मी उजव्या हाताची. माझी जुळी बहीण डाव्या हाताची. एकाच ताग्यातून आम्हाला कापलं, तेव्हा आमचा रंग लाल होता. आता कोणता आहे ते सांगता येत नाही.

ज्या मुलीच्या हातावर मी सहा वर्षं काढली, तिला सगळे मुंगी म्हणतात. ती सगळ्यात हलक्या वजनगटात खेळते. तिला शिकवणारा तिचा सख्खा मामा. तो दिवसा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी एका रिकाम्या गोदामात मुलामुलींना बॉक्सिंग शिकवायचा.

सामन्याआधी मुंगीचे हात थरथरायचे. मामा तिला कधी 'घाबरू नकोस' म्हणाला नाही. तो खुर्ची उलटी फिरवून ठेवायचा, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा आणि मला गुंडाळू लागायचा. मनगटाला तीन वेढे, तळव्याला तीन, बोटांच्या फटींतून तीन, उरलेले पुन्हा मनगटाला. आणि गुंडाळता गुंडाळता घरातलं काहीबाही विचारायचा.

"सकाळी काय खाल्लंस?"

"दूध, केळं."

"दोरीवरचे कपडे काढलेस?"

"आईने काढले."

"आणि चिमटे?"

"मामा, माझी मॅच आहे. चिमट्यांचं काय घेऊन बसलास?"

"उन्हात चिमटे तुटतात. काढले की नाही?"

शेवटचा वेढा येईपर्यंत तिचा श्वास जागेवर आलेला असायचा. मग मामा माझ्या आणि तिच्या मनगटाच्या मधे करंगळी सरकवून बघायचा. "एक बोट गेलं पाहिजे. बोट जात नाही तिथे रक्तही जात नाही."

मागच्या वर्षी एका उंच मुलीने मुंगीला दुसऱ्या फेरीत पाडलं. तोंडावर पाणी मारून तिला उठवावं लागलं. पाणी तिच्या आईने मारलं.

तीन महिन्यांपूर्वी मामाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं अर्धं गेलं.

मुंगी रडली नाही. मामाला औषध देणं, भरवणं, त्याचा हात चोळणं, सगळं तिने केलं. कुणी विचारलं, "बरी आहेस ना?" की ती "हो" म्हणायची. "जेवलीस?" "हो." जेवलेली नसली तरी हो. आम्हा दोघींना तिने घामाने ओल्या तशाच पिशवीत कोंबलं आणि विसरून गेली. आम्हाला बुरशी आली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी कापड आहे.

वासावरून आईने आम्हाला शोधून काढलं, धुतलं आणि वाळत घातलं. घालता घालता ती म्हणाली, "ही शेवटची मॅच धर. या वेळी पडलीस तर हे सगळं बंद. घरात एक माणूस पडलंय तेवढं पुरे."

"बरं," मुंगी म्हणाली.

सामना त्या उंच मुलीशीच होता. कपडे बदलायच्या खोलीत पत्र्याची कपाटं, एक ट्यूबलाइट, एक तडा गेलेला आरसा. मामाला आईने धरून आणलं आणि बाकावर बसवलं. मुंगीने खुर्ची उलटी केली आणि मला स्वतःच गुंडाळायला घेतलं. कुणी काही विचारत नव्हतं. प्रत्येक वेढ्याला ती मला ताणत होती. मनगटाला तीन, ताणून. तळव्याला तीन, ताणून. तपासणीचे साहेब आले, त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि माझ्यावर निळ्या पेनने सही केली. सही झाली की पट्टीला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

"मामा, बघ," मुंगीने हात पुढे केले. "थरथरत नाहीयेत. मला काहीच होत नाहीये. एकदम शांत आहे मी."

मित्रांनो, मला ठाऊक होतं. सहा वर्षं तिच्या नाडीचा ठोका मला असा लागायचा, जसा दारावर कुणी वाजवावं. त्या दिवशी तो पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. तिची बोटं गार पडली होती. मी ते सांगू शकत नव्हते.

मामाने डावा हात पुढे केला. करंगळी माझ्याखाली घालून पाहिली. गेली नाही.

"सोड," तो म्हणाला.

"मामा, सही झालीय. दहा मिनिटं राहिलीत."

"सोड."

*

मी एक जुनी पट्टी आहे. लांबी साडेचार मीटर. सगळी फरशीवर.

आता पुन्हा पहिल्यापासून.

मुंगीने मला उचललं. बोटांना कळत नव्हतं, मी सुटून पडले. तीनदा पडले. मामाचा एकच हात चालतो. आईने मला उचललं आणि झटकलं.

"धुते मी, वाळवते मी, घडी मी घालते. बांधायला काय मंत्र लागतो?"

"एक," मामा म्हणाला. "दोन. सै... सैल." मग थांबून, "विचार."

"काय विचारू?"

"घरातलं."

आईने तळव्यावरून मला फिरवलं. "निघताना गॅस बंद केलास ना?"

"मी? तू केलास ना?"

"मला वाटलं तू केलास. दूध वर होतं."

"स्वयंपाकघरातून शेवटी तूच आलीस बाहेर."

"मी पाण्याची बाटली घ्यायला गेले होते. शेगडीकडे बघितलंसुद्धा नाही."

मामा अर्ध्या तोंडाने हसला. "घर... गेलं."

मुंगीच्या बोटांना मुंग्या आल्या. मग ऊब आली. मग हात थरथरू लागला, आधी थोडा, मग पार कोपरापर्यंत.

"आई, थरथरतोय."

आईने मला आवळायला घेतलं. मामाने तिच्या हातावर हात ठेवला. "थरथरू दे."

आईची करंगळी आत गेली. मुंगीच्या डोळ्यांतून माझ्यावर पाण्याचे दोन थेंब पडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

साहेब परत आले. "लग्नाला उभी राहतेयस का, पुन्हापुन्हा नटायला?" असं म्हणत त्यांनी ओल्या जागेवरच सही केली. शाई फुटली.

*

ग्लोव्हमध्ये अंधार असतो. मला जेवढं कळलं तेवढंच सांगते.

पहिली फेरी. ठोका. दारावर, जोरात.

दुसरी फेरी. मोठा धक्का. मी रिंगच्या दोरावर आपटले. तिथेच टेकून राहिले. पंच आकडे मोजत होते. चारला ठोका, पाचला ठोका. सहाला मी दोरापासून सुटले, वर आले.

तिसरी फेरी. घंटा.

मग पंचांनी मधे उभं राहून दोघींची मनगटं धरली. एक मनगट वर गेलं. मी खालीच होते.

*

आईने मला सोडलं. सगळे वेढे, उलट्या क्रमाने.

"हरले," मुंगी म्हणाली.

"दिसलं. तिथेच होते मी."

"पडले नाही."

ओली पट्टी गुंडाळू नये एवढं आईला कळतं. तिने आम्हा दोघींना खांद्यावर टाकलं, मामाला उठवलं आणि दाराशी जाऊन म्हणाली, "पुढच्या वेळीही मीच बांधेन. तुझा हात फार घट्ट आहे."

घरी गॅस बंद होता. दूध नासलं होतं.

मित्रांनो, आता माझ्या कडा उसवल्यात आणि वेलक्रो नीट धरत नाही. माझे दिवस फार उरलेले नाहीत. एवढंच मागते. आम्हाला घामाने ओल्या तशाच पिशवीत टाकू नका. आणि कुणाला काही बांधलंत, तर शेवटी करंगळी घालून पाहा. नाही गेली, तर सोडा. सही झालेली असली तरी.