फुलीवाला चौथा

मी एक टायर बोलतोय. तीन घ्या, चौथा फुकट, असं दुकानावर लिहिलं होतं ना? तो चौथा म्हणजे मी.

कारखान्यात आम्ही चौघे एकाच साच्यातून निघालो. फुकटचा कोण, हे कुणाच्याच कपाळावर लिहिलेलं नव्हतं. मिनेसोटातल्या एका मोठ्या स्वस्त दुकानात एका टोकाला दूध-अंडी आणि दुसऱ्या टोकाला आम्ही रचलेले असायचो.

एका सकाळी म्हातारा व्हर्लिन आणि त्याची बायको आर्लिस घाईघाईने आले. लांब डुलुथ शहरात त्यांच्या लेकीला, ब्रिटाला, कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, त्यात नवरा कामावर लांब. रस्ता बर्फाचा आणि गाडीचे टायर पार गुळगुळीत.

मिस्त्री पोरीने आम्हाला घरंगळत आणलं. मी शेवटी आलो. व्हर्लिनने लगेच खिशातल्या खडूने माझ्यावर फुली मारली.

"काका, चारही सारखेच आहेत," ती म्हणाली.

"फुकटात कुणी चांगलं देतं का? हा मागे उजवीकडे लाव. तिथे कुणी बसत नाही."

मला फार लागलं ते. पण निदान रस्ता तरी मिळाला.

गाव मागे पडलं आणि खडखड सुरू झाली.

"ऐकलंस? फुकटा बोलतोय," व्हर्लिन म्हणाला. प्रत्येक वळणावर तो कान टवकारायचा. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली. "परत जाऊन बदलून आणू."

"पोरगी तिकडे कळा देतेय आणि तू टायरची नाडी बघत बस," आर्लिस म्हणाली.

परत फिरलो असतो तर वेळेवर पोचणं नव्हतंच. आवाज माझा नव्हता, पण सांगणार कसं? आर्लिस खाली उतरली, माझ्यावर हात ठेवला, मग डिकी उघडली. लेकीसाठी केलेलं बटाटे-खिम्याचं भांडं आत होतं आणि त्याचं सैल झाकण हात लावताच थडथडलं. तिने आपला मफलर सोडून भांड्याला गच्च बांधला.

"हा घे तुझा फुकटा."

व्हर्लिनने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, खडखड थांबली होती. मग म्हणाला, "तरी मी म्हणत होतोच, आवाज मागूनच येतोय."

नात हेझल जन्मली तेव्हा ब्रिटाचा हात आर्लिसच्या हातात होता. त्या माउलीने त्या दिवशी माझ्यावर विश्वास टाकला, तिचे उपकार मी विसरणार नाही. व्हर्लिननेही घरी आल्यावर ती फुली पुसली नाही. उलट पांढऱ्या रंगाने पक्की केली.

पुढे बरेच हिवाळे पळालो. झिजलो. त्याच दुकानात माझ्या खाचेत नाणं घालून पाहिलं, तर नाण्यावरचं डोकं अख्खं दिसलं, म्हणजे खाच उरलीच नव्हती. तिघे भंगारात गेले. व्हर्लिन म्हणाला, "फुलीवाला मी घरी नेतो."

आता मी अंगणातल्या मेपलच्या झाडाला दोराने झोका म्हणून टांगलेला आहे. परवा हेझलने विचारलं, "आजोबा, ह्याच्यावर फुली का?"

"फुकट मिळाला म्हणून. तुझ्यासारखाच."

"झाकणाचंही सांग तिला," आर्लिस स्वयंपाकघरातून म्हणाली.

माझं एकच मागणं आहे. दोर तेवढा अधूनमधून तपासत जा. आता इथे कुणीतरी बसतं.