हवेत वाजणारी कॉइल

मशीन हवेत वाजत होतं.

जमिनीवर नाही. हवेत. कमरेएवढं उचलून धरलं तरी टूं टूं टूं.

थांबा, आधी रस्ता सांगते. छापखान्याच्या तळघरात पाणी शिरत होतं, कागदाचे गठ्ठे भिजायला लागले होते. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह याच रस्त्याखाली, आणि त्याचं लोखंडी झाकण मागच्या डांबरीकरणात गडप झालेलं. धातू सापडला की वाजणारं मशीन फिरवून अशी झाकणं हुडकणं हे माझं काम. अकरा वर्षं. मुकादमानं खोदायचं यंत्र चालू ठेवूनच मला बोलावलं होतं. दहा मिनिटांत झाकण सापडलं नाही तर तो अख्खा रस्ता फोडणार होता आणि यापुढे मला फोन करणार नव्हता. तसं तोंडावर सांगितलं. वर हेही, की ताई, मशीनला भूत लागलंय का बघा.

भूतबीत काही नाही. हवेत वाजतं म्हणजे खोट जमिनीत नसते, कॉइलपाशी असते.

(कॉइल म्हणजे काठीच्या टोकाची चपटी थाळी. आत तांब्याची तार, खाली घासू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर. तिला आपटायचं नाही, थिनरनं पुसायचं नाही, कव्हरात वाळू साठू द्यायची नाही. एवढं सांभाळलं की ती खोटं बोलत नाही.)

वायर सैल असली तरी उगाच वाजतं. काठीला घट्ट गुंडाळलेली. ठीक.

मुकादमाला चार पावलं मागे पाठवलं, त्याच्या बुटांत पोलाद होतं. तरी टूं.

कव्हर काढलं. आतून चकाकलं.

नवरा एसीचे डक्ट बसवतो. जगात जे जे गळतं, फुटतं, उसवतं, त्यावर त्याचा एकच उपाय: ॲल्युमिनियमची टेप. कव्हरला तडा गेलेला दिसला आणि त्यानं मला न विचारता तीन थर चिकटवले. फोन लावला.

"अगं, पक्कं केलंय. थेंब जाणार नाही."

"थेंब नाही जाणार. पण तू तिला दागिना घातलास. आता ती दिवसभर स्वतःलाच सापडतेय."

अति तिथं माती म्हणतात. माती असती तर ब्रशनं झाडली असती.

टेप ओढली तशी कव्हरचे दोन तुकडे हातात आले. उघडी कॉइल खडीवर न्यायची नाही, हा माझाच नियम. मग खडीला लावायचीच नाही. एक बोट वर. दंड भरून आले, पण थाळी टेकली नाही.

शांत. शांत. शांत.

टूं.

एकच, गोल, स्वच्छ. खडूनं फुली मारली. मुकादम म्हणाला, नकाशात व्हॉल्व्ह पलीकडे आहे.

"नकाशा कागदावर आहे. झाकण इथं आहे. इथंच फोडा."

वीतभर खाली झाकण निघालं. चावी फिरली. तळघरातून निरोप आला, पाणी थांबलं.

मुकादमानं यंत्र बंद करायला लावलं. शेजारच्या गल्लीत आणखी दोन झाकणं हरवलीत, म्हणाला, आत्ताच बघता का ताई?

"उद्या. नवं कव्हर बसवल्याशिवाय मी येत नाही."

"बरं," म्हणाला. "उद्या."